मुलाला एडीएचडी आहे, पहिलीत आहे, शाळेकडून मदत कशी मिळवायची?

तुमचा प्रश्न वाचला आणि मला माझ्या मुलाची पहिली आठवली. तुम्ही लिहिलंय की डॉक्टरांनी एडीएचडी (लक्ष टिकत नाही, एका जागी बसवत नाही असा त्रास) सांगितलंय, शाळा सुटताना मिस रोज गेटवरच तक्रार करतात आणि आता शाळा म्हणतेय शॅडो टीचर (वर्गात फक्त त्याच्याच शेजारी बसून मदत करणारं माणूस) ठेवा नाहीतर दुसरी शाळा बघा. आमचंही जवळपास असंच झालं होतं. आम्ही ठाण्यात राहतो, मुलगा आता चौथीत आहे, त्याच शाळेत.

आधी माझी चूक सांगते म्हणजे तुमची होणार नाही. रिपोर्ट हातात आला तसा मी तो मुख्याध्यापिकांना नेऊन दिला आणि म्हटलं जरा सांभाळून घ्या त्याला. त्यांनी तो फाईलला लावला आणि तीन महिने वर्गात काहीही बदललं नाही. कारण रिपोर्टमध्ये सगळे स्कोअर होते, त्यावरून चाळीस मुलांच्या वर्गात मिसनी नक्की काय करायचं ते कळायला मार्गच नव्हता. मग आम्ही आमच्या डेव्हलपमेंटल पेडिॲट्रिशियनकडून, म्हणजे मुलांच्या वाढीच्या अडचणी बघणाऱ्या डॉक्टरांकडून, वेगळं एक पानाचं पत्र घेतलं, त्यात आजाराबद्दल दोन ओळी आणि बाकी फक्त वर्गात काय करायचं ते. पहिल्या बाकावर बसवा, खिडकी आणि दारापासून लांब. सूचना एका वेळी एकच, आणि आधी त्याचं नाव घेऊन, त्याने बघितल्यावर. फळ्यावरचं अर्धंच उतरवू दे, उरलेलं आम्ही घरी पूर्ण करून घेऊ. मध्येमध्ये उठायचं काहीतरी काम द्या, वह्या वाटणं, फळा पुसणं, ऑफिसात निरोप नेणं. आणि मधली सुट्टी आणि पीटी शिक्षा म्हणून काढून घेऊ नका. हे शेवटचं मी डॉक्टरांना मुद्दाम लिहायला सांगितलं होतं, कारण काम अपुरं राहिलं की त्याला सुट्टीत वर्गातच बसवायचे आणि मग पायाला भिंगरी असलेलं पोर पुढचे दोन तास कसं बसणार, त्या दिवशी हमखास मारामारीची तक्रार यायची.

पत्र घेऊन आधी क्लास टीचरना भेटा, मॅनेजमेंटला नंतर. पीटीएमची (पालक-शिक्षक मीटिंगची) वाट बघू नका, तिथे पाच मिनिटं मिळतात आणि मागे रांग असते. वेगळी वेळ मागा. आणि तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो हे त्यांना आधी विचारा, आमच्या मिस म्हणाल्या तो मध्येच ओरडून उत्तर देतो. मग आम्ही तेच पहिलं धरलं. छोटी वही केली, त्यात दोनच गोष्टी, हात वर करून बोलला का आणि वही बाहेर काढली का, आणि दिवसातून तीन वेळा मिसनी फक्त टिक करायची, रिमार्क लिहायचा नाही. संध्याकाळी टिक मोजून बाबांबरोबर जास्तीचा क्रिकेटचा वेळ. पहिल्या आठवड्यात टार्गेट इतकं सोपं ठेवा की तो जिंकलाच पाहिजे, नाहीतर त्या वहीचीच त्याला भीती बसते. गेटवरच्या तक्रारी आपोआप कमी झाल्या कारण मिसना बोलायला दुसरी जागा मिळाली.

शॅडो टीचरबद्दल माझं मत, जे मूल वर्गातून पळून जातं किंवा स्वतःला इजा करून घेतं त्याला गरज पडू शकते, पण नुसतं बसत नाही म्हणून शेजारी मोठं माणूस बसवलं तर बाकीची मुलं त्याला वेगळंच समजायला लागतात, आणि खर्च आपल्यावर. आम्ही म्हटलं आधी पत्रातल्या गोष्टी सहा आठवडे करून बघू मग यावर बोलू. ते बोलणं परत निघालंच नाही.

आता कायद्याचं. 2016 च्या दिव्यांग कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात लर्निंग डिसॅबिलिटी (वाचन-लेखन-गणित शिकायला अडचण) आहे, ऑटिझम आहे, पण एडीएचडी वेगळा लिहिलेला नाही, त्यामुळे आत्ता सर्टिफिकेटच्या मागे धावून दमू नका. पुढे वाचन-लेखन खूप मागे राहतंय असं वाटलं तर आठ वर्षांनंतर लर्निंग डिसॅबिलिटीची टेस्ट करून घ्या, दोन्ही एकत्र असणं बऱ्याच मुलांमध्ये दिसतं. मुंबईत सायन, नायरसारख्या पालिकेच्या हॉस्पिटलमध्ये ती होते आणि त्या सर्टिफिकेटवर दहावीला जास्तीचा वेळ वगैरे सवलती मिळतात. शाळा बदला म्हणतात त्याबद्दल मात्र 2009 च्या आरटीई म्हणजे शिक्षणहक्क कायद्यातलं कलम 16 वाचा, आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, आणि कलम 17 मध्ये मारणं आणि मानसिक त्रास देणं दोन्हीला बंदी आहे. शाळा अल्पसंख्याक दर्जाची असेल तर हा कायदा लागू होत नाही, ते आधी बघून घ्या. मी स्वतः कायदा कधी तोंडावर फेकला नाही, पण प्रत्येक मीटिंगनंतर घरी येऊन आज काय ठरलं ते चार ओळींत शाळेला मेल करायचे, आभार मानून. तोंडी दिलेला शब्द जून ते दिवाळी टिकत नाही, मेल राहतो.

गोळी सुरू करा तरच घेऊ असं शाळा म्हणाली तर ऐकू नका, तो निर्णय तुमचा आणि डॉक्टरांचा. सहाच्या आतल्या मुलांना तर आधी मुलाला कसं हाताळायचं याचं आईवडिलांचं ट्रेनिंगच सांगतात. पण औषधाला घाबरूनही बसू नका, आम्ही दुसरीत सुरू केलं आणि आम्हाला फरक पडला. प्रायव्हेटचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा पातळीवर सरकारी डीईआयसी सेंटर (मुलांच्या वाढीच्या अडचणी लवकर तपासणारं) असतं, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं, त्यांच्या आजारांच्या यादीत एडीएचडी आहे आणि तपासणी फुकट होते.

आणि हो, दरवर्षी टीचर बदलतात आणि जुन्या टीचर नवीनना काही सांगतील असं धरून चालू नका. मी जूनमध्ये शाळा सुरू झाली की पहिल्याच आठवड्यात पंधरा मिनिटं मागून घेते, पत्राची नवी कॉपी आणि मागच्या वर्षीची टिकची वही दोन्ही घेऊन जाते, वही बघितल्यावर त्यांचा चेहरा जरा सैल होतो.