फाइल कोण बदलतंय हे शोधायचं असेल तर ऑडिट लावा

तुमच्या अडचणी दोन आहेत. लिनक्स सर्व्हरवरची एक सेटिंगची फाइल परस्पर बदलते. आयनोटिफायवेट (फाइलींवर पाळत ठेवणाऱ्या 'आयनोटिफाय' सोयीची कमांड) लावल्यावर बदलाची वेळ कळते, पण कोणी केला ते कळत नाही. शिवाय एकदा बदल टिपला की पुढचे दिसेनासे होतात.

आधी दुसरी. आयनोटिफायची पाळत फाइलच्या नावावर नसते, आयनोडवर असते, म्हणजे डिस्कवर त्या फाइलची जी अंतर्गत नोंद असते तिच्यावर. बरेच एडिटर आणि 'सेड' या मजकूर बदलणाऱ्या कमांडचा जागच्या जागी बदल करणारा पर्याय मूळ फाइलला हातच लावत नाहीत. शेजारी तात्पुरती फाइल लिहितात आणि मग तिचं नाव बदलून ती मूळ फाइलच्या जागी बसवतात. नाव तेच राहतं, आयनोड नवा येतो. जुना आयनोड नाहीसा झाला की तुमची पाळतही संपते. म्हणून पाळत फाइलवर नको, तिच्या फोल्डरवर ठेवा. त्यातही उपफोल्डर आपोआप धरले जात नाहीत, आणि एनएफएसवर (नेटवर्कवरून वापरायच्या सामायिक फोल्डरवर) दुसऱ्या मशीनने केलेला बदल तर इथे दिसतच नाही.

तरीही 'कोणी' हा प्रश्न उरतोच. आयनोटिफाय २००५ साली लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे २.६.१३ कर्नलमध्ये आलं, ते काय बदललं एवढंच सांगायला. त्याच्या नोंदीत प्रोसेसच्या (चालू प्रोग्रामच्या) क्रमांकाला जागाच नाही, त्यामुळे कितीही पर्याय फिरवले तरी हाती काही लागणार नाही. एलएसओएफ ही कमांडही इथे कुचकामी, कारण ते फक्त त्या क्षणी उघड्या असलेल्या फाइली दाखवतं आणि तुमचा बदल डोळ्याचं पातं लवायच्या आत उरकतो.

तुम्हाला हवा तो ऑडिट डीमन, म्हणजे कोणी काय केलं याची नोंद ठेवणारा, मागे सतत चालणारा प्रोग्राम. त्याच्या ऑडिटसीटीएल या कमांडने त्या फाइलवर नियम लावा: फक्त लिहिणं आणि गुणधर्म बदलणं एवढंच टिपायचं, आणि नियमाला एक खूणशब्द द्यायचा. वाचणं टिपू नका, लॉग भरून वाहील आणि नेमकी हवी ती नोंद त्यात बुडेल. नियम ऑडिटच्या रूल्स-डी फोल्डरमधल्या फाइलमध्येही लिहून ठेवा, नाहीतर मशीन रीस्टार्ट झालं की तो गेला. मागे होऊन गेलेले बदल यातून मिळणार नाहीत. पुढच्या बदलाची वाट पाहावी लागेल.

बदल झाला की एयूसर्च या ऑडिटच्या नोंदी शोधणाऱ्या कमांडने तो खूणशब्द शोधा. नोंदीत सगळ्यात मोलाचं काही असेल तर ते 'एयूआयडी', म्हणजे लॉगिन करणाऱ्याचा क्रमांक. सुडो कमांडने कोणी रूट (सर्व अधिकार असलेला वापरकर्ता) झालं तरी मुळात लॉगिन कोणी केलं होतं ते इथे तसंच राहतं. तिथे ४२९४९६७२९५ असा अवाढव्य आकडा दिसला तर घाबरू नका. त्याचा अर्थ ती प्रोसेस कोणाच्या लॉगिनमधून आलेली नाही, बहुधा एखाद्या सर्व्हिसने चालवली आहे. 'एक्झी'मध्ये, म्हणजे चाललेल्या प्रोग्रामच्या रकान्यात, नुसतं बॅश किंवा पायथन (स्क्रिप्ट चालवणारे प्रोग्राम) दिसलं तर तिथे थांबू नका, 'प्रॉकटायटल'मध्ये कमांडची ओळ असते, फार लांब असेल तर तिचा सुरुवातीचा भाग. तीही ओळखीची नसेल तर 'पीपीआयडी'वरून पालक प्रोसेस, म्हणजे जिने ती सुरू केली ती, गाठा.

तुमच्या वर्णनावरून मला माणसापेक्षा सर्व्हरच्या सेटिंग्ज आपोआप लावणाऱ्या अॅन्सिबल किंवा पपेटसारख्या साधनाचा संशय जास्त येतो. तसं निघालं तर सर्व्हरवरची फाइल कितीदा दुरुस्त केलीत तरी ती पुन्हा पूर्ववत होणार. बदल त्या साधनाच्या टेम्प्लेटमध्येच (ज्या साच्यावरून ते फाइल लिहितं त्यात) करावा लागेल.