उंचीच्या मागे लागू नकोस, आधी रेस शोध

तुझा मेसेज वाचला. सायकल रेसिंगसाठी कोलंबियाला जाऊन उंचावर ट्रेनिंग करायचं म्हणतोयस, कारण क्विंताना, बेर्नाल हे मोठे सायकल रेसर सगळे तिथलेच. उंचीचा फायदा होतो रे, खोटं नाही, बेर्नालचं गाव सिपाकिरा अडीच हजार मीटरच्या वर आहे आणि २०१९ ची टूर द फ्रान्स, म्हणजे सायकलिंगमधली सगळ्यात मोठी रेस, त्याने जिंकली. पण नुसत्या उंचीने रायडर घडले असते तर नेपाळ, बोलिव्हियातनं पण रांग लागली असती ना? कोलंबियात १९५१ पासून स्वतःची व्हुएल्ता, म्हणजे देशभर फिरणारी अनेक दिवसांची रेस आहे, लोक रस्त्यावर येऊन बघतात, पोरांना लहानपणीच कळतं की यात करिअर आहे.

आता बेल्जियममधलं फ्लँडर्स बघ. डोंगर नाहीत, नुसता वारा, पाऊस, दगडी रस्ते आणि छोटे छोटे चढ. पण आपल्याकडे गावच्या जत्रेला कुस्त्यांचं मैदान लागतं ना, तशी तिथे सायकलची रेस लागते, गावाभोवतीच लॅप मारायचे, आणि अशा रेस सीझनभर चालूच, त्यामुळे बंचमध्ये, म्हणजे रायडरच्या घोळक्यात धक्के खात जागा धरून ठेवणं तिथल्या पोरांच्या अंगातच मुरतं. १९७६ नंतर बेल्जियमने टूर जिंकलेली नाही, पण वन-डे, म्हणजे एका दिवसात संपणाऱ्या रेसला आजही त्यांना सगळे वचकून असतात.

आणि स्लोव्हेनिया! लोकसंख्या २१ लाखांच्या आसपास, पुणे शहराहून कमी, तिथून पोगाचार आणि रॉग्लिचसारखे नावाजलेले रायडर. पोगाचार लहानपणीच राजधानी ल्युब्लियानाच्या 'रोग' नावाच्या सायकल क्लबात गेला, शेजारी इटली, ज्युनियर असतानाच २०१६ ला तिथली लुनिजियानाची रेस जिंकून आला. मला तरी हेच महत्त्वाचं वाटतं, घराजवळ क्लब आणि त्याच्या पुढची पायरी हाताशी. क्विंताना २०१०, बेर्नाल २०१७, पोगाचार २०१८, तिघांनीही टूर द लावनीर ही तरुण रायडरांची रेस जिंकलीय.

आफ्रिकेतल्या इरिट्रियाचा रायडर गिरमाय पण बघ, सायकलवेड्या देशातला, तरी २०१८ ला स्वित्झर्लंडला यूसीआय या जागतिक सायकल संघटनेच्या ट्रेनिंग सेंटरला गेला तेव्हा युरोपातल्या रेस मिळायला लागल्या, आणि २०२४ च्या टूरमध्ये तीन स्टेज, म्हणजे तीन दिवसांच्या रेस जिंकल्या आणि पॉइंट्समध्ये पहिल्या येणाऱ्याची ग्रीन जर्सी!

म्हणून साठवलेले पैसे बेल्जियमच्या एका उन्हाळ्यावर घाल. सुरुवातीला ड्रॉप होशील, म्हणजे घोळक्याच्या मागे पडशील, होऊ दे, पुढच्या रेसला परत उभा राहा. तोवर इथली एकही रेस सोडू नकोस, आणि लायसन्स, व्हिसाचं काय लागतं ते याच आठवड्यात विचारून घे, त्यात फार वेळ जातो.