जानेवारीत स्पितीला जायचे आहे. कॅम्परच्या हीटरमध्ये कोणते अँटीफ्रीज भरावे?

आपण विचारले आहे की, जळगावात टेम्पो ट्रॅव्हलरचे कॅम्पर करून घेतले, डिझेलवर पाणी तापवून ते नळ्यांतून फिरवणारा हीटर त्यात बसवला आणि जानेवारीत किन्नौरमार्गे स्पितीतल्या काझाला जायचे ठरवले. तर त्या नळ्यांत दुकानात मिळणारा हिरवा कूलंट चालेल का? मी धुळ्याला असतो. माझ्या गाडीत अशीच व्यवस्था सहा वर्षांपासून आहे आणि तिच्यात मी स्वतःच्या हाताने एक पंप घालवला आहे.

आधी हे पाहावे की हीटरच्या नळ्या इंजिनच्या कूलंटला जोडलेल्या आहेत की स्वतंत्र आहेत. जोडलेल्या असतील, तर इंजिन बनवणाऱ्याने सांगितलेलाच कूलंट भरावा, दुसरा विचार करू नये. स्वतंत्र असतील आणि त्याच द्रवावर आंघोळीचे व भांड्यांचे पाणी तापत असेल, तर अँटीफ्रीज, म्हणजे पाणी गोठू न देणारा द्रव, म्हणून गंजरोधक घातलेले प्रॉपिलीन ग्लायकॉल घ्यावे. इथिलीन ग्लायकॉल पातळ असते, उष्णताही बरी वाहून नेते. पण ते विषारी आहे, आणि दोन पाण्यांच्या मधल्या पत्र्याला चीर पडली तर ते कळायच्या आत नळाला येते. रंगावर मात्र जाऊ नये; हिरवा, गुलाबी, निळा हे ज्याने त्याने ठरवलेले रंग आहेत. डब्यावर 'रेडी मिक्स' लिहिले असेल, तर त्यात आणखी पाणी घालू नये.

ग्लायकॉल आणि पाण्याचे प्रमाण निम्मे-निम्मे ठेवावे. प्रॉपिलीनचे असे मिश्रण उणे 33 अंशांच्या आसपास गोठू लागते, 30 टक्क्यांचे उणे 13 लाच; काझाची रात्र उणे 20 च्याही खाली जाते. 'जास्त ग्लायकॉल म्हणजे जास्त सुरक्षित' असे समजून 60 टक्क्यांच्या पुढे जाऊ नये, कारण द्रव घट्ट होऊन छोट्या पंपाला जड जातो.

माझा पंप मात्र थंडीने गेला नाही, बोअरच्या पाण्याने गेला. टाकीतली पातळी उतरली की मी अंगणातल्या नळाचे पाणी ओतत असे. दोन वर्षांनी पंप उघडला, तेव्हा पंख्यावर आपल्याकडे गिझरच्या कॉइलवर चढतो तसा पांढरा, खरबरीत थर होता, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या अंगाला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडले होते. जड पाण्यातले क्षार थर धरतात आणि क्लोराइड धातू खाते. शिवाय वरून घातलेल्या प्रत्येक लिटराने ग्लायकॉल आणि गंजरोधक दोन्ही विरळ होतात. तेव्हापासून मी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो तेच डिस्टिल्ड वॉटर वापरतो, आणि पातळी भरायला पाणी नव्हे, तयार केलेले मिश्रणच एका कॅनमध्ये बाजूला ठेवतो.

खानदेशातल्या गाडीची खरी गोम हीच आहे की तिला बर्फ वर्षातून दोन आठवडे दिसतो आणि उरलेला काळ ती उन्हात उभी असते, त्यामुळे गोठणबिंदूची चौकशी सगळे करतात आणि गंजरोधकाची कोणी करत नाही. रिफ्रॅक्टोमीटर फक्त ग्लायकॉल किती आहे ते सांगतो. काचेवर एक थेंब ठेवून उजेडाकडे धरले की निळ्या-पांढऱ्याची सीमारेषा दिसते. ती प्रॉपिलीनच्या पट्टीवरच वाचावी, इथिलीनच्या नव्हे. गंजरोधक संपले का, हे पीएचच्या कागदी पट्टीने साधारण कळते: 7 च्या खाली गेले, द्रव तपकिरी झाला किंवा आंबट वास आला, तर अर्धवट भर न घालता सगळा द्रव काढून, डिस्टिल्ड वॉटरने धुऊन नवा भरावा. मी दिवाळीनंतर दोन्ही तपासतो.

समजा आपल्या नळ्यांत 12 लिटर द्रव आहे आणि तपासणीत तो 30 टक्केच निघाला, तर साधारण साडेतीन लिटर काढून तेवढेच शुद्ध ग्लायकॉल घातले की तो निम्म्यावर येतो. पंप फिरवून हवा पूर्ण काढावी आणि एक दिवस चालवून मगच पुन्हा मोजावे, कारण ताजे घातलेले ग्लायकॉल लगेच सगळीकडे पोहोचत नाही. काढलेला द्रव, विशेषतः इथिलीनचा, गटारीत किंवा अंगणात ओतू नये. तो गोड लागतो आणि गल्लीतली कुत्री तो चाटतात.