७२ टक्के कशाचे?

पत्र : "सर, मुलगी अकरावीत आहे, सीबीएसई. दहावीला ९६.४ टक्के. आमची एसएटीची (अमेरिकेच्या प्रवेश परीक्षेची) मॉक १६०० पैकी १४९० आली, १५५० पर्यंत नेऊ. अमेरिकेतल्या टॉपच्या २० युनिव्हर्सिट्यांची यादी तयार आहे. कन्सल्टंटने प्रोफाइल बघून ७२ टक्के चान्स सांगितला. मी स्वतः इंजिनिअर आहे, म्हणून गणित करून पाहिलं. प्रत्येक ठिकाणी ५ टक्केच धरले तरी २० अर्जांत किमान एक प्रवेश मिळण्याची शक्यता ६४ टक्के येते, म्हणजे त्यांचा आकडा बरोबर वाटतो. सोबत जेईई सुरू आहे, शाळा फक्त नावाला. ती हल्ली फारशी बोलत नाही, पण फोकस्ड आहे. दर दुसऱ्या रविवारी काटोलला आजोबांच्या संत्र्याच्या बगीच्यात जाऊन, दोरीला गाठी मारून विहिरीचं पाणी मोजायचा आणि वहीत लिहायचा नाद होता. दोन वर्षं चालला. कन्सल्टंटच्या सल्ल्याने तो बंद केला. त्याऐवजी १ लाख ४० हजारांचा ऑनलाइन रिसर्च पेपरचा कार्यक्रम घेतोय. वेळ पडली तर बेसा रोडचा प्लॉट विकू. नक्की चान्स किती, ते प्रामाणिकपणे सांगा. हे पत्र लिहिल्याचं तिला माहीत नाही. – एक पालक, मनीषनगर, नागपूर"

नमस्कार.

प्रामाणिकपणे विचारलंत, म्हणून आकड्याचं आधीच सांगून टाकतो. नक्की चान्स कोणालाच सांगता येत नाही. पण तुमच्या यादीतल्या वीसपैकी एकाही ठिकाणी नंबर न लागण्याची शक्यता मला लागण्यापेक्षा जास्त दिसते. तुम्हाला हे वाक्य आवडणार नाही. मला मात्र तुमच्या पत्रातलं एक वाक्य आवडलेलं नाही, आणि माझं उत्तर खरं तर त्या वाक्याला आहे.

"ती हल्ली फारशी बोलत नाही, पण फोकस्ड आहे."

या 'पण'पाशी मी बराच वेळ थांबलो. सोळा-सतरा वर्षांची पोरगी घरात बोलेनाशी झाली आणि बापाने ते जमेच्या बाजूला मांडलं. सकाळी क्लास, दुपारी मॉक, रात्री जेईईची शीट, मध्ये कन्सल्टंटचा व्हिडिओ कॉल. या सगळ्यात तिने बोलायचं कधी आणि कोणाशी? शाळा नावाला आहे म्हणजे मधली सुट्टी नाही, मैत्रिणी नाहीत. एक रविवार होता, तोही गेला. तिच्या गप्प बसण्याला तुम्ही फोकस म्हणताय. मला ते थकणं वाटतं, आणि माझा अंदाज चुकला तर मला आनंदच होईल. तो चुकीचा आहे की बरोबर, हे तुम्ही आज रात्री जेवताना तपासू शकता. अभ्यास सोडून काहीही विचारा आणि उत्तर किती शब्दांचं येतं ते बघा. दोनच शब्द येत असतील, झोप किंवा जेवण बदललं असेल, तर एसएटीची तारीख नंतर बघू. आधी डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे जा.

दुसरी गोष्ट 'आमची' मॉक. "आमची १४९० आली." माझ्याकडे मागे एक मुलगा वडिलांसोबत आला होता. मी प्रश्न विचारायचो त्याला, उत्तर यायचं वडिलांकडून. शेवटी गंमत म्हणून विचारलं, "भाजी कोणती आवडते रे?" वडील म्हणाले, "त्याला भेंडी." पोराने वडिलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मान हलवली. त्याला भेंडी खरंच आवडत असेलही. तुमचं पत्र वाचताना तो मुलगा आठवला. तुमच्या पत्रात २० युनिव्हर्सिट्या आहेत, विषय एकही नाही. ती तिकडे जाऊन शिकणार काय? अमेरिकेत विषय पहिल्या-दुसऱ्या वर्षानंतर ठरवता येतो, हे मलाही माहीत आहे. पण तिने विषय न ठरवणं वेगळं आणि तुम्ही तिला तो न विचारणं वेगळं.

आता तुमचं गणित. ते सोडवलंय बरोबर, मांडलंय चूक, आणि ही चूक इतके हुशार पालक करतात की थोडं सविस्तर लिहितो. तुम्ही ०.९५ चा विसावा घात काढलात, तो एकातून वजा केलात, ६४ आले. हे गणित कधी चालतं? वीस अर्ज एकमेकांपासून स्वतंत्र असतील तेव्हा. नाण्याच्या प्रत्येक फेकीसारखे. पण अर्ज वीस असले तरी फाइल एकच आहे. तेच गुण, तीच शिक्षकांची पत्रं, तोच ६५० शब्दांचा मुख्य निबंध. तुमच्या घरात संत्र्याचा बगीचा आहे, म्हणून तिकडचंच उदाहरण देतो. एकाच बगीच्यातला माल २० गाड्यांत भरून कळमन्याच्या बाजारात पाठवला म्हणजे २० वेगळे सौदे होत नाहीत. फळाला कीड लागली असेल तर विसाही गाड्यांत तेच फळ जातं आणि विसाही अडते तेच बघतात. फाइलमध्ये जे कमी आहे, ते वीस ठिकाणी कमी आहे.

शिवाय ते ५ टक्के तिचे नाहीतच. छापून येणारा दर सगळ्या अर्जदारांचा सरासरी दर असतो. एमआयटी परदेशी अर्जदारांचे आकडे वेगळे देते, आणि तो दर त्यांच्या एकूण दराच्या निम्म्याहूनही कमी असतो. गुणांनी किती फरक पडतो, हे हार्वर्डवरच्या प्रवेशाच्या खटल्यात उघड झालं. २०१९ ला पदवीधर व्हायच्या तुकडीसाठी एकट्या अमेरिकेतले सुमारे २६,००० अर्ज होते. त्यात एसएटीच्या गणितात पैकीच्या पैकी गुण असलेले सुमारे ३,४००, आणि शाळेचे गुण पैकीच्या पैकी असलेले सुमारे ८,०००. प्रवेशाची पत्रं सगळ्या जगात मिळून २,००० च्याही आत. १४९० चे १५५० केल्याने फाइल पहिल्या चाळणीत अडकणार नाही, इतकंच. त्यापुढे माणूस वाचला जातो.

आणि कन्सल्टंटचे ७२? विचारा त्यांना, ७२ टक्के कशाचे? वीसपैकी एकाचे, हार्वर्डचे, की परदेशात कुठेतरी जाण्याचे? तिने निबंध लिहिलेला नाही, खरी एसएटी दिलेली नाही, बारावी झालेली नाही, शिक्षकांची पत्रं कोणी मागितलेली नाहीत. इतकं सगळं नसताना दोन आकडी नेमकेपणा आला कुठून? त्यापेक्षा 'कॉमन डेटा सेट' नावाचा तक्ता उघडा. तिकडच्या बहुतेक युनिव्हर्सिट्या तो दरवर्षी फुकट देतात. त्याच्या सी-७ भागात गुण, निबंध, शिफारसपत्रं, उपक्रम यांतलं कशाला किती महत्त्व आहे ते त्या संस्था स्वतः सांगतात, आणि सी-९ मध्ये आत आलेल्या मुलांचे एसएटी गुण असतात. तुम्ही इंजिनिअर आहात, एका संध्याकाळी वाचून होईल.

वाचलंत की शिफारसपत्रांपाशी थांबाल, आणि इथे तुमची खरी अडचण आहे. या अर्जांना साधारणपणे शाळेच्या समुपदेशकाचं एक आणि वर्गात शिकवलेल्या शिक्षकांची दोन पत्रं लागतात. नववीपासूनचे शाळेचे गुणही लागतात. तुमची मुलगी शाळेत जातच नाही. तिचे फिजिक्सचे सर तिला ओळखत नाहीत, मग लिहिणार काय? 'विद्यार्थिनी आज्ञाधारक व मेहनती आहे'? की पत्रही तुम्हीच लिहून सहीला पाठवणार? डमी शाळेचा व्यवहार जेईईपुरता खपून गेला असेल (सीबीएसईने ७५ टक्के हजेरीवरून आता तिथेही धाक घातलाय), पण ज्या प्रक्रियेचा अर्धा जीव शाळेत आहे, तिथे शाळाच काढून टाकलीत. एका हातात जेईईचा दोर, दुसऱ्या हातात हार्वर्डचा, आणि दोन्ही दोर मुलीला बांधलेले. दोन वर्षांत दोन्ही पूर्ण ताकदीने करणारी मुलं मी फार थोडी पाहिली, आणि त्यांच्यापैकी कोणाचे वडील वेळापत्रक चालवत नव्हते.

बारावीला शाळा बदलणं सीबीएसईत सोपं नाही. म्हणून याच शाळेत तिला रोज पाठवा. वर्गात चार टाळकी असली तरी चालतील.

पैशांचं थोडक्यात. यादीतल्या बहुतेक ठिकाणी राहण्या-खाण्यासकट वर्षाचा खर्च ८०,००० डॉलरच्या पुढे आहे, म्हणजे चार वर्षांचे अडीच-तीन कोटी. बेसा रोडचा प्लॉट कितीचा आहे ते तुम्हाला माहीत. आर्थिक मदत मागितली तर हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी अशा मोजक्या ठिकाणी परदेशी मुलांच्या बाबतीतही त्याचा निवडीवर परिणाम होत नाही. स्टॅनफर्डसह अनेक ठिकाणी होतो. तेच गुण, तीच मुलगी, पण मदतीच्या रकान्यात 'हो' लिहिलं की रांग बदलते. हा रकाना तुमच्या ६४ टक्क्यांत नव्हता, आणि बहुधा त्यांच्या ७२ मध्येही नसावा. प्लॉट विकायची घाई करू नका.

जेईई, आयसरची परीक्षा, सीयूईटी यांच्या तारखा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ असणार, त्या सोडतो.

मला त्या वहीबद्दल बोलायचंय, जिला तुम्ही पत्रात दोन ओळी दिल्यात आणि 'नाद' म्हणून मोकळे झालात. केंद्रीय भूजल मंडळ आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजतं. जानेवारीत, पावसाळ्यापूर्वी, ऑगस्टमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये. तुमची मुलगी दर पंधरा दिवसांनी मोजत होती. वर्षाच्या २६ नोंदी, दोन वर्षांच्या पन्नासेक. कोणी सांगितलं नव्हतं, प्रमाणपत्र मिळणार नव्हतं. काटोल-नरखेड पट्ट्यात बोअर किती खोल गेलेत ते आजोबांना विचारा, म्हणजे नात दोरी का सोडत होती ते कळेल. मे महिन्याच्या उन्हात, जेव्हा आपण कूलरसमोरून हलत नाही, तेव्हा ती पोरगी विहिरीच्या काठावर वाकून गाठी मोजत होती. आणि हे बंद करून तुम्ही तिला पैसे भरून नाव लागणारा पेपर घेऊन देताय. असे पेपर तिकडे ढिगाने येतात, वाचणाऱ्यांना ते ओळखता येतात.

आता तुमच्या मनात काय आलं तेही मला दिसतंय. "अरे वा, मग हेच निबंधात टाकू!" नका. हात जोडून सांगतो, त्या वहीला हात लावू नका. तिचं नाव बदलून 'जल-प्रकल्प' करू नका, तिचं इन्स्टाग्राम पान काढू नका, आजोबांसोबत फोटो काढायला फोटोग्राफर नेऊ नका. कॉमन ॲप या सामायिक अर्जात उपक्रमांचे दहा रकाने असतात म्हणून दहा उपक्रम उभे करायचे नसतात. ती वही तिची आहे. उद्या तिला वाटलं तर ती त्यावर लिहील, नाही वाटलं तर वही काटोलच्या फडताळात राहील.

तिला यात खरंच रस निघाला, तर अमेरिकेचं तिकीट काढायच्या आधी नागपूर बघा. भूजल मंडळाचं मध्य क्षेत्राचं कार्यालय इथेच, जिऑलॉजिकल सर्व्हेचं इथेच, पर्यावरण संशोधनाची नीरी इथेच. विद्यापीठाचा भूगर्भशास्त्र विभाग लॉ कॉलेज चौकात आहे. आपण त्या रस्त्याने रोज जातो आणि आत काय चालतं ते कोणाला ठाऊक नसतं. जेईईची तयारी चालूच आहे, तर आयआयटी धनबाद, खरगपूर, रुरकीला भूगर्भशास्त्राचे अभ्यासक्रम आहेत, हे तिच्या क्लासमध्ये कोणी सांगितलं नसेल. कॉम्प्युटरच्या खालच्या ओळीत असतात ते. आणि कदाचित तिला यातलं काहीच नको असेल, कॉम्प्युटरच हवं असेल. तेही ठीक. विचारलं तर कळेल.

अमेरिका सोडा असं मी म्हणत नाही. यादी तिला करू द्या. वीसची सहा-आठ होईल. त्यात दोन अवघड नावं असू द्या आणि बाकीची अशी, जिथे तिला शिकायचा विषय चांगला आहे, मदत मिळू शकते आणि जिथे प्रवेश झाला तर तुम्ही नातेवाइकांत तोंड वाकडं करणार नाही. शेवटची अट तुमच्यासाठी आहे.

येत्या रविवारी मॉक असेल तर रद्द करा आणि तिला काटोलला घेऊन जा. गाडीत एसएटी नको, जेईई नको, शेजारच्यांचा मुलगा नको. ती विहिरीवर गेली तर तुम्ही लांब थांबा. बोलावलं तर जा. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या, मराठीत, इंग्रजीत, कसंही; दोन ओळींचं असलं तरी मी पूर्ण उत्तर देईन. तुम्ही हे पत्र लिहिलंत, हेही तिला सांगून टाका.

रिसर्च पेपरचा पहिला हप्ता गेला नसेल, तर उद्याच फोन करून थांबवा.