ऑर्का बघायला निघालात? आधी एवढं ऐका

श्रीलंकेतल्या मिरिसाला ऑर्कासाठी (काळा-पांढरा किलर व्हेल) जाऊ नका, निळ्या देवमाशासाठी जा. डिसेंबर ते एप्रिल तो दिसायची शक्यता चांगली असते. उष्ण समुद्रात ऑर्का विरळच. दिसले तर लॉटरी! मला अकरा फेऱ्यांत एकदाच दिसले, तेही जेमतेम चार मिनिटं.

नवखे हमखास करतात त्या दोन चुका:

१. दिवसभर दुर्बीण डोळ्याला. आधी नुसत्या डोळ्यांनी पाणी चाळा, घिरट्या घालणारे पक्षी हेरा, मग दुर्बीण. हलत्या बोटीवर ७×५० (सात पट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगाची) बरी. सराव पुण्याजवळच्या कवडीपाटला बदकांवर करा.

२. पाठीवरचा प्रत्येक काळा पर (फिन) ऑर्काचाच वाटणं. नराचा ताठ, १.८ मीटरपर्यंत, म्हणजे माणसाएवढा. मादीचा लहान आणि बाकदार, गफलत तिथेच होते. डोळ्यामागे पांढरा पट्टा शोधा. नसेल तर बहुधा फॉल्स किलर किंवा पायलट व्हेल, हे ऑर्काचे काळे भाऊबंद. परामागचं करडं खोगीर, म्हणजे खोगिरासारखा डाग, उष्ण पाण्यातल्या ऑर्कांत पुसट असतं, त्यावर विसंबू नका.

नावाडी देवमाशांचा पाठलाग करायला लागला तर स्पष्ट नको म्हणा.

आणि हो, आल्याच्या वड्या इथूनच न्या. माझी पहिली फेरी कठडा धरून ओकण्यात गेली.