पहाटे प्रार्थना, सकाळी आरडाओरडा

प्रश्न : सलाम. मी रोज पहाटे पाचला उठून बायबलमधलं वचन वाचते, प्रार्थना करते, कधीकधी मन इतकं भरून येतं की रडूच येतं. पण साडेसात वाजले की डबे, मुलीची शाळा, त्यात कामवाल्या मावशी उशिरा आल्या की माझा पारा चढतो आणि मी त्यांना वाट्टेल ते बोलते. परवा मुलगी म्हणाली, मम्मी तू आत्ताच प्रार्थना केलीस ना, मग एवढी का ओरडतेस? तेव्हापासून मनाला खातंय. माझी प्रार्थना खोटी आहे का?
– एक भगिनी, अहिल्यानगर

उत्तर : ताई, सलाम. खोटी असती तर लेकीचं बोलणं तुम्ही कधीच कानाआड केलं असतं. यशया संदेष्ट्याला मंदिरात देवाचं दर्शन झालं ना, तेव्हा त्याला सगळ्यात आधी काय टोचलं तर स्वतःचे ओठ, मी अशुद्ध ओठांचा माणूस आहे म्हणून तो कळवळला, आणि तुम्हालाही नेमकं बोलणंच टोचतंय. देवाच्या जवळ गेलेल्या माणसाला आपलंच आधी दिसायला लागतं, शेजाऱ्याचं नंतर. त्यामुळे घाबरू नका, पण नुसतं मनाला लावून घेऊनही भागणार नाही.

आपल्याकडे एक समज पक्का बसलाय की प्रार्थनेत रडू आलं म्हणजे देव जवळ आला. येत असेल, मी नाही म्हणत नाही. पण येशूचा शिष्य पेत्र बघा, तो तर प्रभूबरोबर जेवला, चालला, डोंगरावर त्याचं तेज डोळ्यांनी पाहिलं, आणि तरी गेथशेमाने बागेत तलवार उपसून मुख्य याजकाच्या दासाचा कान कापला आणि त्याच रात्री मी येशूला ओळखतही नाही म्हणून मोकळा झाला. इतकंच काय, पुढे पवित्र आत्मा मिळाल्यावरसुद्धा अंत्युखिया शहरात लोकांच्या भीतीने तो परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, पंगतीतून उठला आणि प्रेषित पौलाने त्याला तोंडावर सुनावलं. म्हणजे स्वभाव एका रात्रीत बदलत नाही, पण प्रभूने त्याला सोडलंही नाही, आणि याच पेत्राला बघून यरुशलेमच्या धर्मसभेतल्या लोकांच्या लक्षात आलं की हे येशूच्या सोबत होते. शिकलेला नाही, साधा माणूस, पण सोबत कोणाची आहे ते बोलण्यातून कळलं.

आता पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रातली आत्म्याची फळं, म्हणजे पवित्र आत्म्यामुळे माणसात येणारे गुण, परत एकदा वाचा, आपल्याला पाठ असतात म्हणून आपण पटपट म्हणून टाकतो. प्रीती, सहनशीलता, ममता, सौम्यता... यातल्या बऱ्याचशा गोष्टी दार लावलेल्या खोलीत करताच येत नाहीत, समोर माणूस लागतो, आणि तोही त्रास देणारा. मावशी वेळेवर आल्या असत्या तर सहनशीलतेचा प्रश्न आलाच नसता. तुमच्या पहाटेच्या प्रार्थनेचं उत्तर देव साडेसातला दारात पाठवतोय असं मला अगदी मनापासून वाटतं.

पंडिता रमाबाईंचं बघा. 1883 मध्ये त्यांचा इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला, पण त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलंय की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, खुद्द ख्रिस्त मात्र नंतर कितीतरी वर्षांनी भेटला. आणि भेटला म्हणून त्या डोळे मिटून बसून राहिल्या का? 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी, आजारी मुली घेऊन आल्या, केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, अंध मुलींना शिकवायची सोय केली, समाजाने टाकलेल्या बायकांसाठी कृपासदन काढलं. या मुली काही गोड बोलणाऱ्या, शिस्तीच्या नव्हत्या हो, भुकेने आणि लोकांच्या छळाने पार बिथरलेल्या होत्या, त्यांना न्हाऊ घालायचं, जखमा धुवायच्या, आरडाओरडा ऐकून घ्यायचा आणि परत दुसऱ्या दिवशी तेच. बाईंचं प्रार्थनेचं जीवन मोठं होतं हे आपण भाषणात सांगतो, पण मला ते या कामात जास्त दिसतं.

तर उद्या असं करा. मत्तयाच्या शुभवर्तमानात प्रभूने सांगितलंय की वेदीजवळ अर्पण घेऊन गेलास आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं तर अर्पण तिथेच ठेव, आधी समेट कर. प्रार्थना थोडी छोटी झाली तरी चालेल, पण मावशी आल्या की त्यांना सरळ म्हणा, मी फार बोलले, माफ करा. आणि हे मुलीच्या समोर, कारण ओरडणं तिने ऐकलंय. मग चहा देऊन विचारा उशीर का होतो ते, नळाला पाणी उशिरा येत असेल, पोराला शाळेत सोडत असतील, आपण कधी विचारतच नाही. अर्धा तास उशिरा चालत असेल तर तसं ठरवून टाका की.

प्रश्न : आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, एक गृहस्थ दर रविवारी साक्ष देतात, देव मला रोज बोलतो म्हणतात. मी त्यांच्या फ्लॅटमध्ये भाड्याने होतो, खोली सोडून किती महिने झाले तरी डिपॉझिट देत नाहीत. आता त्यांची साक्ष ऐकवत नाही. काय करू?
– एक तरुण, पुणे

उत्तर : भावा, तुझा राग मला समजतो. जकातदार जक्कयाची गोष्ट आठव. प्रभू त्याच्या घरी उतरला, पैसे परत कर असं काही त्याला म्हटल्याचं लूकने शुभवर्तमानात लिहिलेलं नाही, पण हा उठून उभा राहिला आणि म्हणाला अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट. मोशेच्या नियमशास्त्रात फसवून घेतलेलं कबूल केलं तर मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा एवढंच द्यायला सांगितलंय, हा कितीतरी पुढे गेला. प्रभू घरात आला की पैशाची पिशवी सुटते, त्या गृहस्थांची सुटली नसेल तर त्यांच्या साक्षीला अजून वेळ आहे असं म्हणूया.

पण तू व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नकोस. मत्तयाच्या अठराव्या अध्यायाप्रमाणे आधी एकटा जा, करारपत्र आणि पैसे भरल्याची पावती सोबत ने, आवाज न चढवता तारीख माग. नाही ऐकलं तर दोघांना घेऊन जा, तरी नाही तर पाळकसाहेब आणि मंडळीच्या पंचांपुढे ठेव. पौलाने करिंथच्या मंडळीला विचारलंच होतं की भावाभावांत निवाडा करणारा एकही शहाणा माणूस तुमच्यात नाही का. पंचांनी हे आमचं काम नाही म्हणून हात झटकू नयेत, हे त्यांचंच काम आहे, आणि तू त्यांना तसं नम्रपणे पण स्पष्ट सांग.