फ्युचर्स शिकायला डेमो खातं पुरेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरी सांभाळून निफ्टी फ्युचर्स (निफ्टी या शेअर निर्देशांकाचे ठरावीक मुदतीचे वायदे) शिकायचेत, तीन लाख बाजूला काढलेत, आधी खोट्या पैशांवर सराव करायचा विचार आहे; तो किती महिने करावा आणि खऱ्यात त्याचा उपयोग होतो का.

होतो. लाँग-शॉर्ट (आधी घेणं किंवा आधी विकणं), लिमिट ऑर्डर (ठरवलेल्या किंवा त्याहून चांगल्या भावाचीच ऑर्डर), स्टॉप लॉस (ठरल्याइतका तोटा झाला की बाहेर), एक्सपायरी (वायद्याची मुदत संपणं), रोलओव्हर (सौदा पुढच्या महिन्यात नेणं) हे सगळं महिन्याभरात हाताला बसतं आणि चुकीचं बटण दाबलं तरी खिशाला झळ लागत नाही. पण डेमोने मला एक गोष्ट साफ उलटी शिकवली होती. ती आधी सांगतो.

मार्च 2020. डेमो ॲपने मला खोटे 10 लाख दिले होते. माझी खरी बचत होती 1 लाख 80 हजार. 11 मार्चला बाजार बंद होता होता मी निफ्टीचे 4 लॉट घेतले. एवढा पडलाय, आता उसळेल, एवढंच लॉजिक. लॉट म्हणजे सौद्याचा ठरलेला गठ्ठा. तेव्हा तो 75 चा होता, म्हणजे क्वांटिटी 300, एक पॉइंट हलला की 300 रुपये. दुसऱ्या दिवशी निफ्टी 868 पॉइंट आपटला. (हे आकडे निर्देशांकाचे आहेत, फ्युचरचा भाव थोडा इकडेतिकडे असतो.) 2 लाख 60 हजार गेले आणि मी निवांत जेवलो. 13 तारखेला बाजार उघडताच 10 टक्के पडून लोअर सर्किट लागलं, म्हणजे 45 मिनिटं व्यवहार बंद. पुन्हा उघडला तो फिरलाच, आणि संध्याकाळी आदल्या दिवसापेक्षा 365 पॉइंट वर बंद झाला. मी घरात सांगत सुटलो की बघा, घाबरलो नाही, थांबलो, म्हणून सावरलो.

खऱ्या खात्यात थांबायला मिळालंच नसतं. 1 लाख 80 हजारात 4 लॉट कुणी दिले नसते, ही एक गोष्ट. पण अगदी 10 लाख असते तरी फ्युचर्समधला तोटा शेअरसारखा कागदावर पडून राहत नाही. रोजच्या रोज तो खात्यातून रोख वळता होतो, याला एमटीएम म्हणतात. वर बाजार बिथरला की मार्जिनही (सौदा धरून ठेवायला लागणारी अनामत) वाढतं. पैसे कमी पडले की ब्रोकरकडून मेसेज येतो, आणि तुम्ही भरले नाहीत तर तो पोझिशन (उभा सौदा) कापतो. कधी कापतो? जेव्हा सगळ्यांचीच कापली जात असते तेव्हा, म्हणजे बहुधा 13 तारखेच्या सकाळी, तळाला. माझ्या ॲपने मार्जिन फक्त सौदा घेताना तपासलं होतं, नंतर ढुंकूनही पाहिलं नाही.

मग 23 मार्च आला. पुन्हा लोअर सर्किट, आणि या वेळी सावरणं नाही. एका दिवसात 1135 पॉइंट जाऊन निफ्टी 7610 वर. 11 तारखेच्या 10,458 पासून मोजा, 300 क्वांटिटीवर साडेआठ लाख. मी 'थांबलो' होतो ना! खात्यात दीड लाखाच्या आत उरले होते. मी रिसेट दाबलं, परत 10 लाख.

माझे आजोबा सांगलीत हळदीच्या अडतीवर मुनीम होते. (फ्युचर्स हा शब्द आता आला, सांगलीत हळदीच्या वायद्यांचं स्वतःचं एक्स्चेंज होतं, त्यामुळे वायदा, तेजी-मंदी हे शब्द आमच्या घरात भाजी-भाकरीइतके जुने.) त्यांच्या वहीत खाडाखोड चालत नसे. चूक झाली तर ती तशीच राहणार आणि खाली उलट नोंद पडणार. रिसेट दाबल्यावर दोन दिवसांनी मला ती वही आठवली. मी ॲप काढून टाकलं आणि दोनशे पानी वही आणली.

माझा सल्ला तोच. भांडवल लिहा तीन लाख, एक रुपया जास्त नाही. सौदा एकाच लॉटचा. खरेदी लिहिताना शेवटचा भाव नका लिहू, समोर विकणाऱ्याचा जो भाव दिसतोय तो लिहा; विकताना घेणाऱ्याचा. निफ्टीत हा फरक किरकोळ असतो, पण एखाद्या शेअरच्या पुढच्या महिन्याच्या फ्युचरमध्ये तो तुमचा सगळा नफा खातो. रोज संध्याकाळी त्या दिवसाचा एमटीएम जमा-नावे करा. खर्चही टाका. 1 ऑक्टोबर 2024 पासून फ्युचर विकताना एसटीटी (सौद्यावरचा सरकारी कर) 0.02 टक्के झाला होता, म्हणजे 18 लाखांच्या सौद्यावर 360 रुपये, ब्रोकरेज आणि बाकीचं वेगळं. हा दर बजेटमध्ये बदलत राहतो, चालू काय आहे ते बघून घ्या. आणि सौदा घेण्याआधी एक ओळ: का घेतोय, कुठे चुकलो म्हणून बाहेर पडणार. ही ओळ नंतर वाचायला फार लाज वाटते, म्हणूनच लिहायची.

18 लाख हा आकडा उगाच घेतला नाही. 24,000 चा निफ्टी आणि 75 चा लॉट धरला की तेवढाच होतो. लॉट एनएसई (निफ्टीचे सौदे जिथे होतात तो बाजार) बदलत असते; 2024 मध्येच 50 चा 25 झाला आणि वर्ष सरताना 75, कारण सेबीने (बाजारावर देखरेख करणारी सरकारी संस्था) कॉन्ट्रॅक्टची किमान किंमत 15 लाखांवर नेली. आता तुमचे तीन लाख यापुढे ठेवून बघा. 4 जून 2024, लोकसभेचा निकाल, निफ्टी 1379 पॉइंट खाली. 75 च्या एका लॉटवर एक लाख तीन हजार, एका दिवसात. पोझिशन टिकवायला पुरेसं मार्जिन उरलं असतं का, हा हिशेब वहीत स्वतः करा. माझ्या मते निफ्टी फ्युचरसाठी तीन लाख कमीच आहेत.

सेबीच्या सप्टेंबर 2024 च्या अहवालात 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर्सचा तोटा झाल्याचं दिसतं, सरासरी माणशी सुमारे दोन लाख. यात ऑप्शनवालेही (ऑप्शन हा वायदेबाजारातला दुसरा प्रकार) आहेत, पण तुम्ही स्वतःला वेगळे समजू नका. मीही समजत होतो.

ॲपच वापरायचं असेल तर एक सावधगिरी. शेअरच्या भावांवर आभासी ट्रेडिंग किंवा फँटसी गेम खेळवणाऱ्यांबद्दल सेबीने नोव्हेंबर 2024 मध्ये लोकांना जाहीर सावध केलं होतं. अशा ठिकाणी वाद झाला तर दाद मागायला जागा नसते. वहीसाठी लागणारे भाव एनएसईच्या साइटवर फुकट दिसतात.

वहीसुद्धा सगळं शिकवत नाही. 20 एप्रिल 2020 ला अमेरिकेत कच्च्या तेलाचा मे वायदा उणे 37.63 डॉलरवर बंद झाला. आपल्याकडे लॉकडाउनमुळे एमसीएक्स (तेल, सोनं वगैरेंच्या वायद्यांचा बाजार) तेव्हा संध्याकाळी पाचलाच बंद होत होतं. अमेरिकेतला भाव रात्री कोसळला आणि इथे ज्यांच्याकडे खरेदी उभी होती त्यांना विकायला दारच उघडं नव्हतं. सौदे उणे 2884 रुपयांवर मिटवले गेले, लॉट 100 बॅरलचा. म्हणजे तेलाची पूर्ण किंमत बुडून वर लॉटमागे 2 लाख 88 हजार द्यायचे. असा दिवस वहीत आधी लिहिता येत नाही.

किती महिने? निदान तीन एक्सपायरी, म्हणजे तीन महिने. त्यात एकदा तरी रोलओव्हर करून बघा. शेअरचे फ्युचर घेत असाल तर एक्सपायरीला ते शेअर खरोखर द्यावे-घ्यावे लागतात, 2019 पासून सगळेच. तेव्हा शेवटच्या आठवड्यात वाढणारं मार्जिनही वहीत धरा. त्यानंतर थेट निफ्टीत जाऊ नका. एमसीएक्सवर गोल्ड पेटल म्हणून 1 ग्रॅमचा वायदा आहे. मार्जिन, एमटीएम, ब्रोकरचे मेसेज, सगळं खरं, पण भाव शंभर रुपये हलला तर तुमचे शंभरच जातात. फक्त तो डिलिव्हरीचा वायदा आहे, शेवटी सोनं खरोखर द्यावं-घ्यावं लागतं, मुदतीच्या बऱ्याच आधी बाहेर पडा.

मी त्यात पहिल्याच आठवड्यात 240 रुपये घालवले आणि त्या रात्री तीनदा उठून मोबाइल बघितला. डेमोत साडेआठ लाख गेले तेव्हा एकदाही उठलो नव्हतो.